अर्थ डोक्यात आहे, इंग्रजी शब्द सापडत नाही: दर वेळी अडतं कुठे?

सोसायटीची नोटीस, मेडिक्लेमचा फॉर्म, परदेशातल्या क्लायंटला पाठवायची मेल, मुलाच्या प्रवेशासाठीचं पत्र. मराठीत वाक्य तयार असतं आणि एका शब्दापाशी गाडी अडते. मोबाईलमधल्या भाषांतराच्या ॲपवर टाकलं की काहीतरी येतं, पण वाचताक्षणीच कळतं की हे ते नव्हे. मग जवळपासचा एखादा ढोबळ शब्द ठोकून मेल जाते. महिन्याभराने पुन्हा तोच शब्द, पुन्हा तीच रखडपट्टी.

पुण्यात भाषांतराची कामं करताना ही तक्रार सतत कानावर येते, आणि तक्रार करणाऱ्याने निदानही आधीच करून ठेवलेलं असतं: "माझी व्होकॅबलरी कच्ची आहे हो." उपायही ठरलेला. अप्पा बळवंत चौकात जायचं आणि शब्दांच्या याद्यांचं जाडजूड पुस्तक घेऊन यायचं. पुस्तक वाईट नसतं, पण ते शब्दाकडून अर्थाकडे नेतं. तुम्हाला जायचंय अर्थाकडून शब्दाकडे. पाठांतराने ही अडचण फारशी सुटत नाही, कारण बहुतेक वेळा दोष शब्दसंग्रहात नसतोच. आपण शोधताना अर्थ सांगतच नाही, मराठी शब्दाचं अर्धवट इंग्रजी सांगतो. कोश बिचारा त्या अर्धवट इंग्रजीचे समानार्थी शब्द पुढे करतो.

शोधायला बसण्याआधी एवढंच ठरवा: हा शब्द मला येतो पण आत्ता आठवत नाही, की तो मुळात मला माहीतच नाही? दोन्हींवरचे उपाय निराळे आहेत.

जिभेवर आहे, बाहेर येत नाही

याची खूण सोपी आहे. कोणी चुकीचा शब्द सुचवला की तुम्ही लगेच "छे, हा नाही" म्हणता. शब्द 'पी'ने सुरू होतो, लांबलचक आहे, असंही काहीतरी वाटत असतं. या वाटण्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही. १९६६ साली हार्वर्डमधल्या रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅकनील यांनी विद्यार्थ्यांना कमी वापरातल्या शब्दांच्या फक्त व्याख्या वाचून दाखवल्या. जहाजावरून सूर्य-ताऱ्यांची कोनीय उंची मोजण्याचं उपकरण, म्हणजे सेक्स्टंट, हे त्यातलं गाजलेलं उदाहरण. ज्यांचा शब्द जिभेवर अडकला होता त्यांनी सांगितलेलं पहिलं अक्षर सुमारे ५७ टक्के वेळा बरोबर निघालं. इंग्रजीत सव्वीस अक्षरं आहेत हे लक्षात घेतलं तर हा आकडा चांगलाच मोठा आहे.

म्हणून पहिलं अक्षर आणि अर्थ दोन्ही एकदम शोधात टाका. वनलुक या संकेतस्थळाच्या रिव्हर्स डिक्शनरीत, म्हणजे अर्थ दिला की शब्द सुचवणाऱ्या उलट्या कोशात, याची सोय आहे. आठवणारी अक्षरं लिहायची, पुढे ताऱ्याचं चिन्ह (*), पुढे अपूर्णविराम, म्हणजे कोलन, आणि त्यापुढे इंग्रजीत अर्थ. 'बी' आणि 'एल' ही अक्षरं, तारा, कोलन, आणि 'स्नो' असं लिहिलं की बर्फाशी संबंधित आणि त्या दोन अक्षरांनी सुरू होणारे शब्द येतात. ब्लिझर्ड त्यातच असतो. अक्षरं किती हे नक्की माहीत असेल तर ताऱ्याऐवजी तितकी प्रश्नचिन्हं. शब्दकोडी सोडवणाऱ्यांना ही युक्ती ठाऊक असते, मेल लिहिणाऱ्यांना क्वचितच.

आपल्याकडे आणखी एक खोड आहे: "थांब, सांगू नकोस, आठवेल मला." ती सोडा. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात २००८ मध्ये झालेल्या प्रयोगात लोकांना अडकलेल्या शब्दाशी काही वेळा दहा सेकंद, काही वेळा तीस सेकंद झगडू दिलं आणि मग उत्तर सांगितलं. जिथे जास्त झगडा झाला होता, ते शब्द दोन दिवसांनी पुन्हा अडकण्याचं प्रमाण जास्त होतं. म्हणजे न आठवण्याचाच सराव होतो. 'दर वेळी हाच शब्द का अडतो' याचं निदान एक कारण हे आहे. चटकन शोधा, मोठ्याने दोनदा उच्चारा आणि पुढे चला.

शब्द माहीतच नाही

खरं काम इथे आहे. एक उदाहरण जवळून बघू.

पावसाळ्यानंतर भिंतीला लोणा लागला आहे आणि बिल्डरला इंग्रजीत पत्र पाठवायचं आहे. लोक लिहितात 'व्हाइट स्पॉट्स ऑन द वॉल', किंवा 'सॉल्ट हॅज कम'. बिल्डरचा माणूस ते वाचून रंगारी पाठवतो, रंगारी एक हात मारून जातो, दिवाळीपर्यंत भिंत पुन्हा पांढरी.

आता अर्थ कोशाच्या पद्धतीने सांगायचा. कुठल्याही इंग्रजी कोशातली व्याख्या बघा. ती आधी वस्तूची जात सांगते आणि मग त्या जातीतल्या इतरांपासूनचा फरक. भिंतीवरच्या लोण्याची जात काय? डाग नव्हे, बुरशी नव्हे. तो एक थर आहे, साका आहे. इंग्रजीत डिपॉझिट. वेगळेपण काय? पांढरा, भुकटीसारखा, क्षारांचा, विटांच्या किंवा प्लास्टरच्या पृष्ठभागावर येणारा. 'व्हाइट पावडरी सॉल्ट डिपॉझिट ऑन ब्रिक' असं उलट्या कोशात टाका आणि येणाऱ्या शब्दांत एफ्लोरेसन्स शोधा. तोच हवा. बांधकामातला रूढ शब्द आहे आणि तो कारणासकट येतो: ओल भिंतीतून बाहेर येताना विटा-सिमेंटमधले क्षार विरघळवून आणते, पाणी उडून जातं, क्षार वर उरतात. म्हणजे हा शब्द लिहिला की तक्रार रंगाची राहत नाही, ओलीची होते.

भिंतीवर थांबलोच आहोत तर तिचे बाकीचे शब्दही बघून घ्या, कारण वरच्या मजल्यावरच्यांशी वाद होतो तेव्हा सगळे एकाच 'लीकेज'मध्ये कोंबले जातात. पाइप फुटून पाणी येतं ते लीकेज. स्लॅबमधून हळूहळू झिरपतं ते सीपेज. भिंत नुसती ओलसर लागते ते डॅम्पनेस. रंगाचे पोपडे सुटतात ते फ्लेकिंग किंवा पीलिंग. चारही दावे वेगळे आहेत आणि दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा हेही त्यावरून बदलू शकतं.

जात ओळखताना आधी शब्दाचं व्याकरण पक्कं करा. तुम्हाला नाम हवंय, विशेषण हवंय की क्रियापद? 'ओशाळलेला' शोधताना 'शेम'पासून सुरुवात केलीत तर नामांच्या जंगलात शिरता. 'लुकिंग एम्बॅरस्ड बिकॉज ऑफ अ सिली मिस्टेक' असं विशेषणाच्या वळणाने लिहिलंत तर शीपिशपर्यंत पोचायची शक्यता कितीतरी वाढते. 'थिंग', 'व्हेरी', 'टाइप ऑफ' हे शब्द शोधातून काढून टाका, त्यांनी फक्त गर्दी होते. एका वर्णनाने काम झालं नाही तर जात बदलून बघा: थर म्हणून नाही मिळालं तर डाग म्हणून, डाग म्हणून नाही तर प्रक्रिया म्हणून.

इंग्रजीत वर्णन करणंच जड जात असेल तर एक जुना माणूस मदतीला आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली आला, सुधारलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची. आज तो शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संग्रहात ऑनलाइन फुकट बघता येतो. इंग्रजांना मराठी शब्द समजावून सांगायला तो लिहिला गेला. त्यामुळे मराठी शब्दाला एका इंग्रजी शब्दाने उडवून लावण्यापेक्षा तो अनेकदा ऐसपैस वर्णन करतो. ते वर्णन म्हणजे तुम्हाला हवी असलेली जात आणि वेगळेपण, आयतं. ते उचला आणि उलट्या कोशात टाका. त्यातले इंग्रजी शब्द मात्र थेट मेलमध्ये वापरू नका. पावणेदोनशे वर्षांपूर्वीची इंग्रजी आहे ती, क्लायंट घाबरेल.

अर्थावरून शब्द शोधायची ही कल्पना काही इंटरनेटने आणलेली नाही. पीटर मार्क रॉजे या डॉक्टराने १८५२ साली इंग्रजी शब्दांची कल्पनांनुसार हजार गटांत मांडणी करून आपला थिसॉरस काढला. पण आपल्याकडे अमरकोश हा संस्कृत शब्दकोश त्याच्या कितीतरी आधीपासून तोंडपाठ केला जात होता, आणि त्याची मांडणीही विषयवारच आहे: तीन कांडं, त्यांत स्वर्गवर्ग, वनौषधिवर्ग, मनुष्यवर्ग असे वर्ग. रॉजेला हे ठाऊक होतं. आपल्या प्रस्तावनेच्या तळटीपेत त्याने अशा प्रकारचा सर्वांत जुना प्रयत्न म्हणून अमरकोशाचाच उल्लेख केला आहे, कोलब्रुक या इंग्रज पंडिताच्या, १८०८ साली सेरामपूरला छापलेल्या इंग्रजी भाषांतरासकट. आणि लगेच पुढे, त्यातलं वर्गीकरण फारच सदोष आणि गोंधळाचं असल्याचा शेराही मारला आहे. सदाशिव पेठेत शोभला असता.

क्रियापदांचं दुखणं वेगळं

मराठी माणूस क्रियापदाशी फार अडतो आणि त्याला कारण आहे. क्रिया कशी केली हे आपण बहुधा क्रियापदाच्या बाहेर ठेवतो. क्रियापद साधं 'चालणे', आणि त्याच्या आधी लुटुलुटु, रमतगमत, पाय ओढत, ढेंगा टाकत, दबकत दबकत. इंग्रजी ही रीत पुष्कळदा क्रियापदाच्या पोटातच भरते. लुटुलुटु चालणं म्हणजे टॉडल. रमतगमत जाणं म्हणजे स्ट्रोल किंवा सॉन्टर. पाय ओढत चालणं शफल, लांब ढेंगा टाकणं स्ट्राइड, चिखलातून किंवा थकून एकेक पाऊल उचलणं ट्रज, बदकासारखं डुलत जाणं वॉडल.

आपण शोधतो काय? 'स्लोली'चा समानार्थी. म्हणजे चुकीच्या दारावर थापा. मराठीतलं क्रियाविशेषण बाजूला ठेवा, मूळ क्रियापद पकडा आणि त्याचे पोटप्रकार मागा: 'टू वॉक इन अ स्लो रिलॅक्स्ड वे'. इंग्रजी कोशांत अशा क्रियापदांची व्याख्या जवळजवळ ठरलेल्या साच्यात असते, 'टू वॉक' आणि पुढे रीत. तुमचं वर्णन त्या साच्यात बसलं की शब्द पटकन हाती लागतो.

हसण्याचंही तेच. गालातल्या गालात हसणं, खुदकन हसणं, खदाखदा हसणं, कुत्सित हसणं. पहिल्याला स्माइल बहुतेक वेळा पुरतं, नंतरच्यांना गिगल, गफॉ, स्मर्क किंवा स्नीअर. शेवटच्या दोघांतही फरक आहे: स्मर्कमध्ये स्वतःवरची खुशी आहे, स्नीअरमध्ये दुसऱ्याबद्दलची तुच्छता. बघणे, बोलणे, खाणे, रडणे, मारणे या पाच क्रियापदांचे पोटप्रकार एकदा एका बैठकीत काढून ठेवलेत तर ललित लिहिणाऱ्याची निम्मी अडचण तिथेच मिटते. प्रिन्स्टन विद्यापीठात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून तयार होत गेलेलं वर्डनेट हेच करतं. तिथे शब्द वर्णानुक्रमाने बसवलेले नाहीत, 'हा त्याचा प्रकार' अशा नात्याने बांधलेले आहेत. मराठी वर्डनेटही आहे, मुंबईच्या आयआयटीत झालेलं.

जिथे शोधायचंच नसतं

सरकारी आणि कायद्याच्या शब्दांना वरचं काहीही लावू नका. तिथे चांगला शब्द चालत नाही, ठरलेला लागतो.

सातबाऱ्यावरचा 'फेरफार' घ्या. अर्थावरून शोधत गेलात तर चेंज, ऑल्टरेशन, मॉडिफिकेशन. महसूल खात्याचा शब्द आहे म्युटेशन, आणि अर्थाचं कितीही सुरेख वर्णन केलंत तरी उलटा कोश तो देईल असं नाही. 'वहिवाट', 'भोगवटादार', 'थकबाकीदार', सगळ्यांचं असंच. उपाय असा की शब्द शोधूच नका, तोच दस्त दुसऱ्या भाषेत उघडा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मराठीतही आहे, इंग्रजीतही. कलमांचे क्रमांक तेच असतात. कलम १५० दोन्हीकडे शेजारी शेजारी ठेवा, फेरफार नोंदवहीचं इंग्रजी नाव समोर येईल. सहकारी संस्था अधिनियम, १९६० आणि सोसायट्यांचे आदर्श उपविधी यांच्याबाबतीतही हीच युक्ती. राज्याचं भाषा संचालनालय १९६० पासून परिभाषेचं काम करत आलं आहे. त्याचे परिभाषा कोश आणि शासन व्यवहार कोश ऑनलाइन आहेत, आणि ते मराठी शब्दावरूनही शोधता येतात.

सोसायटीच्या इतिवृत्तात हमखास चुकणारा एक शब्द: तहकूब. सभा व्हायच्या आधीच तारीख पुढे नेली तर पोस्टपोन्ड. सभा भरली, पण गणपूर्ती झाली नाही किंवा विषय संपले नाहीत म्हणून पुढे ढकलली तर ॲडजर्न्ड. होणारच नसेल तर कॅन्सल्ड. सभासदांत भांडण असेल तर एखादा वकील याच एका शब्दावर बोट ठेवतो.

एक सावधगिरी. हे शब्द आपल्या कचेऱ्यांपुरते आहेत. अमेरिकेतल्या भावाला 'म्युटेशन एंट्री झाली' असं कळवलंत तर त्याच्या डोळ्यांपुढे जनुकं येतील. त्याला जमिनीच्या नोंदीत मालकाचं नाव बदललं, असं सरळ वाक्यात लिहा.

झाडं, आजार, हार्डवेअर

इथेही वर्णनाने फारसं होत नाही, मधला दुवा लागतो. वनस्पतीसाठी तो दुवा म्हणजे शास्त्रीय नाव. कारळ्याची चटणी परदेशी पाहुण्यांना समजावताना लोक बेधडक 'ब्लॅक सेसमी' म्हणतात. ते काळे तीळ झाले. कारळ्याचं शास्त्रीय नाव ग्विझोशिया ॲबिसिनिका, आणि त्यावरून इंग्रजी नाव मिळतं नायजर सीड. मराठी विकिपीडियावर वनस्पतीचं पान असेल तर भाषेच्या यादीतून इंग्रजी पान उघडणं हा याहून जवळचा रस्ता.

आजारांचं तसंच. नागीण झाली असं फॉर्मवर लिहायचं तर सापाच्या दिशेने जाऊ नका. कांजिण्यांचाच विषाणू कित्येक वर्षांनंतर पुन्हा जागा होऊन अंगावर पट्ट्यासारखे फोड येतात, तो आजार: बोलीत शिंगल्स, डॉक्टरी भाषेत हर्पिस झोस्टर. रांजणवाडी म्हणजे स्टाय. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर निदान लिहिलेलं असेल तर तेच उतरवून काढा, स्वतःची अक्कल चालवू नका.

वस्तू हातात असेल तर फोटो काढून चित्रावरून शोधा. कडीकोयंड्यासाठी हॅस्प आणि स्टेपल, गवंड्याच्या ओळंब्यासाठी प्लम बॉब हे शब्द शब्दांच्या वाटेने गेलात तर अर्धा तास घेतात, फोटोने मिनिटात मिळतात. नाहीतर बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन एखाद्या खोक्यावरचं नाव वाचा.

एआयला विचारताना

चॅटवाल्या एआयला मराठीत विचारता येतं, हा मोठाच फायदा आहे. मात्र "ओशाळणेला इंग्रजीत काय म्हणतात?" असं विचारलंत तर एक शब्द फेकला जातो आणि आपण तो घेतो. त्यापेक्षा पूर्ण वाक्य द्या, कोण कोणाला लिहितंय ते सांगा, चार-पाच पर्याय मागा आणि प्रत्येकात फरक काय तेही विचारा. उत्तर छान वाटलं तरी त्या शब्दाची इंग्रजी-इंग्रजी कोशात उलटतपासणी घ्या. व्याख्या वाचून तुमच्या मनातलं चित्र उभं राहतंय का? शेजारी 'फॉर्मल', 'ओल्ड-फॅशन्ड' किंवा 'डिसअप्रूव्हिंग' अशी सूचना आहे का? उदाहरणवाक्यांत तो कोणत्या शब्दांसोबत येतो? शिकणाऱ्यांसाठी काढलेले कोश यासाठी मोठ्या कोशांपेक्षा बरे. व्याख्या सोप्या आणि वाक्यं जास्त. थिसॉरसमधून उचललेला शब्द या तपासणीशिवाय कधीच वापरू नये. तिथे शेजारी बसलेले शब्द सख्खे भाऊ नसतात.

पुण्यातल्या पेरू गेटच्या अभ्यासिकांमधून येणारा प्रश्न थोडा निराळा असतो: स्पर्धा परीक्षेतलं 'वन वर्ड सब्स्टिट्यूशन'. तिथे व्याख्या समोर छापलेली असते आणि पर्यायही. ग्रीक-लॅटिन तुकडे पक्के करा, यादी आपोआप लहान होते. हत्येसाठी '-साइड', सत्तेसाठी '-क्रसी', भीतीसाठी '-फोबिया'; मग रेजिसाइड म्हणजे राजाची हत्या, फ्रॅट्रिसाइड म्हणजे भावाची. एवढं मात्र बघा की हायड्रोफोबिया हा मुळात रेबीजच्या रुग्णाच्या लक्षणाचा शब्द आहे आणि नुसत्या पाण्याच्या भीतीला ॲक्वाफोबिया म्हणतात. पर्यायांत दोन्ही असतील तर व्याख्या पुन्हा वाचा.

तरीही नाही सापडला

दोन-तीन वर्णनं करून, जात बदलून, क्रियापद पालटून बघितलं आणि हाती काही नाही, तर तसा एक शब्द इंग्रजीत नसण्याचीच शक्यता जास्त. उष्टं, खरकटं, ओवळं, पारोसा: यांच्यामागे रात्र घालवू नका. 'फूड समवन हॅज ऑलरेडी ईटन फ्रॉम' असं चार शब्द जास्त खर्चून लिहिलं तरी इंग्रजी वाचणाऱ्याला खटकत नाही.

सापडलेला शब्द मात्र लगेच नोंदवा, आणि नेहमीच्या उलट पद्धतीने. डावीकडे इंग्रजी शब्द आणि उजवीकडे अर्थ अशी वही आपल्या उपयोगाची नाही. अडतं तेव्हा डावीकडचाच शब्द आपल्याकडे नसतो. डावीकडे ज्या मराठी वाक्यात अडलात ते वाक्य, उजवीकडे इंग्रजी शब्द त्याच्या पूर्ण वाक्यासकट. 'भिंतीला लोणा लागलाय', 'सभा तहकूब केली', 'पोर लुटुलुटु चालतंय'. फोनमधल्या नोट्समध्ये ठेवलंत तर पुढच्या वेळी 'लोणा' एवढं टाकून शोधलं तरी पुरे.